दाखवणारा आणि बघणारा

लाकडी वाडगा लेथवर कसा कातायचा हे शिकवणारे व्हिडिओ आता इतके झाले आहेत, की न शिकायला सबबच उरलेली नाही असं कुणालाही वाटावं. जाणकार मंडळी मात्र त्यावर नाक मुरडतात. हाताची विद्या पडद्यावरून येत नाही, ती उस्तादाच्या शेजारी बसूनच येते, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. उत्तर भारदस्त आहे, ऐकायला बरंही वाटतं. पण त्यामागचं जे कारण सांगितलं जातं ते मला पटत नाही. व्हिडिओ अपुरा पडतो हे खरंच आहे. पण दाखवण्याच्या बाबतीत तो कित्येक उस्तादांच्या पुढे आहे. त्याला जमत नाही ते बघणं. समोर शिकणारा काय करतोय हे त्याला दिसत नाही, आणि शिकवण्याचा मोठा भाग, माझ्या मते, तिथेच असतो.

आधी व्हिडिओच्या बाजूने बोलू. वाडग्याचं मुख्य हत्यार म्हणजे गाउज, पन्हाळीसारखी खोबण असलेली लांब दांड्याची पटाशी. ती टूल-रेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधारपट्टीवर, टेकवायची, धारेमागचा उतार फिरत्या लाकडाला नुसता लागू द्यायचा आणि मग दांडा हळूहळू उचलत धार लाकडाला भिडवायची. उतार टेकलेला आहे तोवर हत्यार लाकडावरून सरकत राहतं आणि धारेच्या वाट्याला बेताचंच लाकूड येतं. टेकण सुटलं की धार एकदम रुतते, दांडा हाताला झटका देतो आणि वाडग्याच्या काठाचा तुकडा उडतो. शिवाय बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे कातायची आणि आतली काठाकडून बुडाकडे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या रेषांना मागच्या रेषांचा आधार राहतो. (हे लाकडाचे रेषे वाडग्याच्या तोंडाला समांतर असतील तेव्हा, बहुतेक वाडगे तसेच कातले जातात.) एवढं सांगायला पुस्तकाला आकृत्यांसकट कितीतरी पानं लागतात, आणि तरीही मनगट, कोपर आणि कंबर एकाच वेळी कशी वळतात ते कागदावर येत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या रिचर्ड राफनचं लाकूड कातण्यावरचं पुस्तक १९८५ साली निघालं ते जोडीला व्हिडिओ कॅसेट घेऊनच. लिहिलेल्याला हलतं चित्र जोडावं लागतं हे त्या धंद्यातल्या लोकांना तेव्हाच उमगलं होतं. आज कॅमेरा टूल-रेस्टच्या थेट वर टांगता येतो, हालचाल सावकाश करून बघता येते, हवी तिथे थांबवता येते. कारखान्यात शेजारी बसलेल्या पोराला उस्तादाची नेमकी ती बोटं बऱ्याचदा त्याच्याच कोपराआड जातात.

तरीही नाक मुरडणाऱ्यांच्या मागे तत्त्वज्ञानाचं पाठबळ आहे. मायकेल पोलान्यी याने ‘पर्सनल नॉलेज’ या १९५८ साली आलेल्या ग्रंथात कारागिरीच्या ज्ञानाचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कौशल्याचे नियम खुद्द कारागिरालाही पुरते माहीत नसतात, शिष्य गुरूला बघत, त्याचं अनुकरण करत ते नकळत उचलतो, म्हणून एखादी कला एका पिढीपुरती जरी बंद पडली, तरी ती कायमची गेली असं समजावं. पहिल्या विधानाशी भांडण नाही. पण दुसरं नीट वाचलं तर ते व्हिडिओच्या विरोधात जातच नाही. गुरूला बघत राहणं हाच जर विद्येचा मार्ग असेल, तर व्हिडिओइतकं अखंड बघणं कोणत्या गुरुकुलात मिळालं असतं? मग शंभर तास बघणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी वाडगा का येत नाही?

या प्रश्नाला प्रयोगातून मिळालेलं एक उत्तर आहे. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये काही प्रयोग मांडले. वरची भांडी न हलवता टेबलावरचा कपडा हिसकून काढण्याची करामत काहींना एकदा दाखवली, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असा विश्वास कितीतरी जास्त वाटला. बाण नेमक्या जागी फेकण्याच्या प्रयोगात तर प्रत्यक्ष करूनही पाहिलं. पुन्हापुन्हा बघितल्याने अंदाज चढला, नेम तिथेच राहिला. मला त्यातला आणखी एक प्रयोग जास्त बोलका वाटतो. हवेत झेलण्याचे सोटे ज्यांना नुसते हातात धरायला दिले, त्यांचा हा फाजील विश्वास खाली आला. वजन हाताला कळलं आणि डोळ्यांनी करून ठेवलेला हिशेब मोडला. म्हणजे बघण्याने डोळे तयार होतात, हात नाहीत. आणि हात तयार नाहीत ही बातमी डोळे आपल्याला देत नाहीत. व्हिडिओचा सगळ्यात मोठा धोका मला इथे दिसतो. कसलेला कातारी जितका सफाईने काम करतो तितकं ते सोपं दिसतं. त्यातच संकलनात नेमके कंटाळवाणे भाग कापले जातात, उदाहरणार्थ पुन्हापुन्हा ग्राइंडरवर जाऊन धार लावणं. वाडगा कातताना धार फार वेळ टिकत नाही, पण पडद्यावर ती जन्मतःच आलेली आणि न जाणारी दिसते.

इथे हाताच्या विद्येचे कैवारी म्हणतील, आम्ही तरी वेगळं काय सांगत होतो? दाब, स्पर्श, अंदाज या गोष्टी पडद्यावर येत नाहीत. मान्य. पण त्या उस्तादाच्या शेजारी बसून तरी कुठे दिसतात? कर्नाटकातल्या चन्नपटणला लाकडी खेळणी लेथवर रंगवतात तेव्हा लाखेची कांडी फिरत्या खेळण्यावर दाबतात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. कांडीवर नेमका किती दाब द्यायचा हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही, आणि हातभर अंतरावर बसलेल्या शिकाऊ पोरालाही दिसत नाही. उस्तादाचा दाब त्याच्या हातातच राहतो. फरक पडतो तो पोराने कांडी हातात घेतल्यावर. लाख गुठळ्यांनी चढली की त्याने जास्त दाबलं, धड चढलीच नाही की कमी, हे उस्ताद बघतो आणि दोन शब्दांत सांगतो. गाण्याच्या तालमीतही गुरूच्या गाण्याइतकंच त्याचं ऐकणं कामाचं असतं. शिष्याचा सूर नेमका कुठे ढळला ते शिष्याला त्या क्षणी कळत नाही, गुरूला कळतं. आपण गुरूला ‘दाखवणारा’ समजत आलो, म्हणून कॅमेरा आल्यावर काहींना तो निरुपयोगी वाटू लागला आणि काहींना कॅमेराच भामटा वाटू लागला.

या मताला सगळ्यात जड जाणारं उदाहरण मीच पुढे ठेवतो. इंग्लंडमधल्या बर्कशरमध्ये बकलबरी नावाच्या गावी जॉर्ज लेली हा कातारी पायाच्या लेथवर एल्मचे वाडगे कातत असे. पायपट्टी दाबली की दोरी ओढली जाते आणि लाकूड फिरतं, सोडली की वर बांधलेला लवचीक वासा ते उलटं फिरवतो, असा तो लेथ. वाकड्या हत्यारांनी एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढणं ही त्याची खासियत. एच. व्ही. मॉर्टनने १९२७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याच्याबद्दल लिहिलं होतं. लेली १९५८ मध्ये वारला, मागे शिष्य न ठेवता. एक पिढी बंद पडलेली कला गेलीच समजा, असं पोलान्यीने छापलं तेच हे वर्ष. लेलीचा लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेली. आणि १९९० च्या दशकात रॉबिन वुड नावाच्या माणसाने ती हत्यारं आणि जुने वाडगे तपासत, तसाच लेथ उभारून, ते काम पुन्हा सुरू केलं, त्यावर पोटही भरलं. म्हणजे दाखवणारा नाही आणि बघणाराही नाही, तरी विद्या आली. पोलान्यीचा निष्कर्ष इथे ढासळतो. माझा ढासळतो का? थोडासा. वुडपुढे लेलीचे वाडगे होते. त्यांच्या अंगावरच्या हत्यारांच्या खुणांशी आपल्या वाडग्यावरच्या खुणा ताडून बघता येत होत्या. बघणाऱ्याचं काम तो स्वतःच करत होता, आणि तसं करायला लागणारी चिकाटी व सवड सगळ्यांकडे नसते. बघणारा नसेल तर विद्या अशक्य होते असं माझं म्हणणं नाही, ती फार महाग पडते.

आपल्याकडे अशा वेळी एकलव्याचा दाखला हमखास निघतो. पण मातीच्या पुतळ्याने त्याला काही दाखवलं नाही आणि त्याचं काही बघितलंही नाही. बाण लागला की चुकला, आणि कोणत्या बाजूने चुकला, हे त्याला लक्ष्याकडून कळत होतं. कातकामही या बाबतीत नशीबवान आहे. लाकूड लगेच उत्तर देतं. हत्यार बरोबर असेल तर छिलके फितींसारखे सुटतात, नसेल तर नुसता भुगा पडतो. आवाज बदलतो. पृष्ठभाग गुळगुळीत येतो किंवा रेषे उपटल्यासारखा खरखरीत. म्हणून व्हिडिओवरून शिकायला वाडगा ही त्यातल्या त्यात बरी वस्तू आहे. अडचण अशी, की चुकलं एवढं लाकूड सांगतं, काय चुकलं ते सांगत नाही. खरखरीत पृष्ठभाग धार गेल्याने येतो, उतार टेकलेला नसल्याने येतो, उलट्या दिशेने कातल्याने येतो, घाईने येतो, आणि लाकूड आतून कुजट मऊ पडलं असेल तर सगळं बरोबर करूनही येतो. एकटा शिकणारा मग व्हिडिओ पुन्हा लावतो, त्यात कातारी बरोबरच करताना दिसतो, म्हणजे दोष हत्यारात असला पाहिजे असं ठरवून नवा गाउज मागवतो. हत्यारं विकणाऱ्यांची याबद्दल काही तक्रार नसावी.

शिवाय व्हिडिओला त्याचं लाकूड माहीत नसतं. परदेशी व्हिडिओत मेपल, चेरी, अ‍ॅश असतात. इथे कुणी सागाचा तुकडा चढवला तर सागात सिलिका असते, ती धार झपाट्याने खाते, आणि मेपलच्या हिशेबाने काम करणाऱ्याला आपली पटाशी बोथट होऊन बराच वेळ झाला हे कळतही नाही. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाड कातून ठेवतात, साधारण व्यासाच्या दहाव्या भागाइतकी भिंत ठेवून. वाळताना तो लांबट होतो, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने बरंच आकसतं, रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. मग तो पुन्हा चढवून गोल करतात. हा वाळण्याचा काळ कोरड्या थंड हवेतला माणूस महिन्यांत सांगतो. जुलैतल्या कोकणात त्या महिन्यांना काय अर्थ?

एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे मान तुकवलीच पाहिजे. बघणारा गुरू पूर्वी मिळत कुणाला होता? सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं काम चितारी समाजाचं; कातण्या-रंगवण्याची विद्या घरातून घरात गेली. लंडनमध्ये कातारींच्या संघाला १६०४ साली राजसनद मिळाली, तीही धंदा कुणी करावा आणि कुणी करू नये हे ठरवण्यासाठीच. घराबाहेरच्याला, परजातीच्याला, बहुतेक ठिकाणी बाईला, त्या कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. व्हिडिओने तो उंबरा काढून टाकला. नागपूरच्या एखाद्या बँक कर्मचारी बाईंना संध्याकाळी गच्चीवरच्या छोट्या लेथवर वाडगा कातावासा वाटला तर आज त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. उस्तादाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ही गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे. मात्र विद्येचं दार उघडलं याचा अर्थ आत बघायला कुणी बसलं आहे असा होत नाही. त्या बाईंचा ठोकळा चकमध्ये नीट पकडलेला नाही, किंवा त्याच्या आकाराच्या मानाने वेग दुप्पट आहे, हे लेथ सुरू होण्याआधी सांगणारं कुणी त्या गच्चीवर नसतं. इथे चूक कळेपर्यंत थांबायची सोय नाही. सुटलेला ठोकळा थेट तोंडावर येतो. पूर्ण तोंड झाकणारं पारदर्शक कवच वापरा असं कित्येक व्हिडिओ सांगतात, पण ते घातलं की नाही हे त्यांना दिसत नाही.

यावर उपाय म्हणून कॅमेराच उलटा फिरवता येतो, आणि तो फिरवला गेलाही आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत क्लबांच्या बैठका बंद पडल्यावर परदेशातल्या अनेक कातारींनी प्रात्यक्षिकं व्हिडिओ कॉलवर आणली. बहुतेक वेळा ते पुन्हा दाखवणंच होतं, फक्त मध्ये प्रश्न विचारता येत होते. काहींनी मात्र शिकणाऱ्याला त्याचाच कॅमेरा त्याच्या टूल-रेस्टवर रोखायला सांगितलं आणि इकडून नुसतं बघत राहून, दांडा खाली घे, पाय मागे घे, आता धार लाव, असं सांगितलं. अर्ध्या तासाच्या अशा बघण्यासाठी दहा तासांचे उत्तम व्हिडिओ मी खुशाल देऊन टाकीन. त्यात अडचणी आहेतच. एकाच वेळी एकालाच बघता येतं, त्यामुळे ते स्वस्त होणार नाही. आणि धार गेली की लेथचा आवाज बदलतो, जो अनुभवी कातारी पाठ फिरवून बसला तरी ओळखतो, तोच आवाज झूमसारखी कॉलची सॉफ्टवेअर गोंगाट समजून आपणहून गाळून टाकतात. माणसाचं बोलणं तेवढं पोचवतात. तो आवाज जसाच्या तसा पलीकडे जावा अशी सोय सेटिंगमध्ये आहे. लेथ सुरू करण्याआधी ती मुद्दाम चालू करावी लागते.