मागण्याचा क्रम

श्रीक्षेत्री येणारा भाविक घरून निघतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एखादे मागणे असते. दर्शनबारीत तासन् तास उभे राहिल्यानंतर श्रींच्या मूर्तीसमोर प्रत्यक्ष लाभणारा अवधी अवघ्या काही क्षणांचा असतो. यात्रेच्या दिवसांत तर डोळे भरून पाहण्यापूर्वीच पुढे सरकावे लागते. एवढ्या अल्प अवधीत सारे सांगून होत नाही. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, आईचे आजारपण, जमिनीचा दावा, कर्जाची फेड, अपत्यासाठी बोललेला नवस, यांपैकी प्रथम कोणती गोष्ट ओठांवर येईल, हे पुष्कळदा त्या भाविकासही आधी ठाऊक नसते. जीवनात सर्वांत महत्त्वाचे काय, या प्रश्नाची चर्चा ग्रंथांतून व प्रवचनांतून मोठ्या गांभीर्याने होत असते. सामान्य संसारी माणसापुढे मात्र तो प्रश्न असा, मागण्यांचा क्रम लावताना, उभा राहतो.

देवापाशी ऐहिक काही मागणे हे कमीपणाचे, असे मानणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. निष्काम भक्ती श्रेष्ठ, याविषयी दुमत नाही. परंतु श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. संकटात सापडलेला आर्त, जाणून घेऊ इच्छिणारा जिज्ञासू, काही प्राप्त व्हावे म्हणून येणारा अर्थार्थी आणि ज्ञानी. यांपैकी ज्ञानी आपणास सर्वाधिक प्रिय असल्याचे भगवंत सांगतात खरे. तथापि चौघांनाही ते पुण्यवान म्हणतात आणि चौघांनाही उदार ठरवतात. अर्थार्थ्याला त्यांनी महाद्वाराबाहेर उभे केलेले नाही. तेव्हा कर्जफेडीसाठी नारळ वाहणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहून हसण्याचा अधिकार इतरांना कोठून आला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मागण्याच्या क्रमाविषयी आपल्या परंपरेतील सर्वांत मोलाची कथा कृष्णयजुर्वेदातील कठोपनिषदात आली आहे. नचिकेताची कथा अनेकांच्या परिचयाची आहे. परंतु तिचा पूर्वार्ध घाईने सांगितला जातो. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ आरंभिला आणि दक्षिणा म्हणून गायी आणविल्या. त्या गायी कशा होत्या, हे उपनिषद स्पष्ट सांगते. त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते, दूध देऊन झाले होते. म्हणजे गोठ्यात ज्यांचा उपयोग उरला नव्हता, अशा गायी दानात निघाल्या होत्या. कुमार वयाच्या नचिकेताच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि वडिलांचे हे दान त्याला अस्वस्थ करू लागले. (आपत्तीच्या वेळी मदतीच्या नावाखाली जमा होणाऱ्या फाटक्या कपड्यांचे गाठोडे ज्यांनी सोडून पाहिले आहे, त्यांना त्या मुलाची अस्वस्थता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.) सर्वस्व द्यावयाचे तर पुत्रही आलाच, असे जाणून त्याने वडिलांना विचारले, की मला कोणाला देणार? दोनदा विचारूनही उत्तर मिळाले नाही. तिसऱ्यांदा विचारताच संतापलेल्या पित्याच्या तोंडून निघून गेले, की तुला मृत्यूला दिले.

नचिकेता यमाच्या घरी पोहोचला, तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री हा अतिथी उपाशी राहिला. परत आल्यावर यमाने एका रात्रीस एक याप्रमाणे तीन वर देऊ केले. तिसऱ्या वराची कीर्ती सर्वत्र आहे. मनुष्य मेल्यानंतर काही उरते की उरत नाही, हे सांग, असा तो प्रश्न होता. तो टाळावा म्हणून यमाने मुलापुढे प्रलोभने मांडली. शंभर वर्षे जगणारे पुत्र-पौत्र, पुष्कळ पशू, हत्ती, घोडे, सुवर्ण, विस्तीर्ण भूमी, हवे तितके आयुष्य आणि रथांत बसून वाद्ये वाजविणाऱ्या अप्सरा. अप्सरांचे रथ वगळले, तर ही यादी म्हणजे दर्शनबारीतील मागण्यांचीच यादी आहे. संतती, संपत्ती, जमीन, वाहन, दीर्घायुष्य. नचिकेताने ती नाकारली, कारण या सर्वांस उद्याचाही भरवसा नाही आणि कितीही दीर्घ आयुष्य शेवटी थोडेच, हे त्याने ओळखले होते. पुढे यमाने श्रेयस आणि प्रेयस, म्हणजे कल्याणकारक आणि केवळ प्रिय वाटणारे, यांतील भेद सांगितला तो या प्रसंगाला धरूनच.

व्याख्याते बहुधा येथवर येऊन रंगतात. परंतु नचिकेताने पहिल्या वराने काय मागितले, हे विचारल्यास सभेतील फार थोडे लोक उत्तर देऊ शकतील. त्याने मागितले, की माझ्या वडिलांचे मन शांत व्हावे, त्यांचा राग जावा आणि मी परत गेलो असता त्यांनी मला ओळखून आनंदाने जवळ घ्यावे. आणि यमाने तो वर देताना सांगितले, की तुझे वडील आता रात्री सुखाने झोपतील. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला प्रथम आठवली ती वडिलांची झोप. आणि हे वडील तेच, ज्यांनी त्याला तेथे धाडले होते. दुसऱ्या वराने त्याने स्वर्गप्राप्तीचा अग्नी जाणून घेतला. मृत्यूचे गूढ त्यानंतर. हा क्रम उपनिषदकारांनी सहज लिहिला असेल, असे मानणे कठीण आहे. घरातील एका माणसाच्या मनात आपल्यामुळे सल राहिला असताना अमरत्वाचा विचार करीत बसणे त्या मुलाला रुचले नाही, एवढे तरी त्यातून दिसते. तो सल निर्माण करण्यात अपराध कोणाचा होता, हा हिशेब त्याने मांडला नाही.

बृहदारण्यक उपनिषदातील मैत्रेयीचा प्रसंगही याच जातीचा आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले, तेव्हा त्यांनी मैत्रेयी व कात्यायनी या आपल्या दोन पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करावयाचे ठरविले. मैत्रेयीने विचारले, की संपत्तीने भरलेली अवघी पृथ्वी मिळाली तरी तिने मी अमर होईन काय? सुखवस्तू माणसांचे आयुष्य जसे असते तसे तुझे होईल, अमरत्वाची आशा मात्र नाही, असे प्रांजळ उत्तर तिला मिळाले आणि तिने संपत्तीऐवजी ज्ञान मागितले. मैत्रेयीचा गौरव योग्यच आहे. परंतु कात्यायनीस सामान्य स्त्रीची समज होती, एवढे सांगून ग्रंथ तिच्याविषयी पुढे मौन पाळतो. आश्रमातील चूल, गुरे, धान्य आणि आलागेला पाहुणा हे सारे कोणीतरी सांभाळत असल्याखेरीज ब्रह्मविद्येच्या चर्चा रंगत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे.

मागण्याच्या क्रमाचा आणखी एक धडा महाराष्ट्राने अलीकडच्या काळात प्रत्यक्ष पाहिला. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच त्यांचे गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. बाबा एखाद्या गावात शिरले, की प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडीत, गटारे उपसत आणि काम झाल्यावर मग भाकरी मागत. आधी द्यावयाचे, मग मागावयाचे, हा त्यांचा नेम होता. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु त्या धर्मशाळांवर आपल्या कुटुंबाचा हक्क सांगितला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा स्वतःच्या मालकीचे म्हणून दाखविण्याजोगे त्यांच्यापाशी काहीही नव्हते.

आता अधिक अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. ज्याचे मागणे पूर्ण झाले, तो नवस फेडावयास येतो, पेढे वाटतो. ज्याचे पूर्ण झाले नाही, तोही येतो. पण तो कोणाला काही सांगत नाही. रुग्णालयातील माणसासाठी अभिषेक केला आणि ते माणूस गेले, असे झाल्यावर पुढच्या वर्षी त्याच पायऱ्या चढणाऱ्या भाविकाला नचिकेताची कथा कितपत पुरेल? अशा वेळी उपनिषदापेक्षा इतिहासातील एक चरित्र अधिक जवळचे वाटते.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने मृत्यू पावले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी विनवून त्यांना मागे फिरविले. १७६६ साली मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी, १७६७ साली, एकुलता एक पुत्र मालेराव गेला. त्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्यांनी नर्मदाकाठी महेश्वर येथून राज्यकारभार पाहिला. काशीविश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. यांतील कितीतरी कामे त्यांच्या राज्याबाहेर होती आणि त्यांचा खर्च खासगीतून, म्हणजे दौलतीच्या खजिन्याहून वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून, केला जाई. रयतेच्या पैशाने आपले पुण्य विकत घ्यावयाचे नाही, हा विवेक आजच्या दानशूरांनीही पाहण्याजोगा आहे.

उतारवयात नातू गेला आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. कन्या मुक्ताबाई सती जावयास निघाल्या. आईने परोपरीने विनविले. लेकीने ऐकले नाही. १७५४ साली सासऱ्यांनी सुनेपाशी केलेले मागणे मान्य झाले होते. १७९१ साली आईने लेकीपाशी केलेले मागणे मान्य झाले नाही. त्या क्रूर प्रथेने अहिल्याबाईंचे शेवटचे अपत्यही नेले. माळव्यात अधिकारपदावर राहिलेले जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे, की त्यानंतर तीन दिवस अहिल्याबाईंनी क्वचितच अन्न घेतले आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. यमाने नचिकेतापुढे ठेवलेल्या यादीत पुत्र-पौत्रांचे स्थान पहिले होते. अहिल्याबाईंपाशी ते होते आणि एकेक करून गेले.

दुःखाचा विसर पडावा म्हणून त्यांनी मंदिरे व घाट बांधले, असे काही जण भावनेच्या भरात लिहितात. ते खरे नाही. बहुतेक मोठी कामे १७९१ च्या पूर्वीच झाली होती आणि त्यांमागे दुःखापेक्षा कारभाराची शिस्त अधिक होती. चौथ्या दिवसाविषयी मात्र विचार करावासा वाटतो. फिर्यादी आले असतील, पत्रे आली असतील, अन्नछत्रासाठी धान्य मोजावे लागले असेल. १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत महेश्वरचा कारभार चालू राहिला. कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी छत्री उभारली, असे माल्कम यांनी लिहिले आहे. अवघ्या भारतवर्षातील यात्रेकरूंसाठी बांधकामे करणाऱ्या त्या मातेने एक बांधकाम केवळ आपल्या लेकीसाठी केले. त्यामुळे त्यांचे वैराग्य तसूभरही उणे होत नाही.

कोणत्याही जुन्या देवस्थानाच्या सभामंडपात किंवा पायऱ्यांवर बसविलेल्या संगमरवरी फरश्या सवडीने वाचाव्यात. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून. बहुतेक ठिकाणी मजकूर एवढाच असतो. घराचे क्षेत्रफळ, बँकेतील शिल्लक, जिंकलेले दावे यांना त्या हातभर दगडावर कोणी जागा देत नाही. दोन नावे आणि त्यांमधले नाते, इतकेच कोरले जाते. काही दाते तर आपली फरशी भिंतीवर न लावता पायरीला बसवावी, असा आग्रह धरतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांची पायधूळ त्या नावावर पडावी. पंढरपुरी महाद्वारातील नामदेव पायरीमागची श्रद्धा हीच आहे. संतांच्या चरणांचा स्पर्श घडावा म्हणून नामदेव महाराजांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. आज मात्र वारकरी त्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून नमस्कार करतात.

देणगीच्या पावतीपुस्तकांत आणखी एक प्रकारची नोंद अधूनमधून आढळते. दात्याच्या नावाच्या जागी केवळ ‘गुप्तदान’ असते. स्मरणार्थ कोणाच्या, हेही लिहिलेले नसते. रक्कम कधी मोठी असते, कधी अगदी किरकोळ, चुरगळलेल्या नोटांची. कार्यालयात त्यांना नाव विचारले जात नाही. पावती व प्रसाद दिला जातो. ते गाभाऱ्यात काय मागून आले, की काहीच न मागता आले, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.