यजमानाचा हक्क

चैत्र-वैशाखात ताडोब्याच्या आसपासच्या गावांत पहाटे चारच्या सुमारास दोन प्रकारची माणसे जागी होतात. मोहाची फुले रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागतात आणि हरणा-डुकरांनी ती खाण्यापूर्वी वेचली पाहिजेत म्हणून गावातील स्त्रिया टोपल्या घेऊन अंधारातच जंगलाची वाट धरतात. आणि त्याच वेळी, उन्हाने आटत चाललेल्या पाणवठ्यांवर वाघ हमखास दिसण्याचा हाच हंगाम असल्यामुळे, नागपूर, पुणे, मुंबईहून आलेले प्रवासी जिप्सीत बसून मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारापाशी रांगेत उभे राहतात. दोघांचेही जंगल एक, प्रहर एक आणि वाघही एकच. फरक इतकाच, की जो वाघ एकाला दिसावा म्हणून सहाशे मैलांचा प्रवास केला जातो, तो दिसू नये एवढीच दुसरीची प्रार्थना असते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे मृत्युमुखी पडतात, आणि मोहफुले व त्यांच्यामागून येणारा तेंदूपत्ता यांच्या हंगामात अशा दुर्घटनांच्या वार्ता विशेष येतात.

वन्यजीव-पर्यटन जबाबदारीने करावे, हा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. मोठ्याने बोलू नये, प्लास्टिक टाकू नये, भडक वस्त्रे नेसू नयेत, प्राण्यांना खाऊ घालू नये. हे सर्व नियम योग्यच आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु ते सारे प्रवाशाच्या वर्तनाचे नियम आहेत, आणि जबाबदारीचा प्रश्न केवळ वर्तनाचा मानला, की ज्याच्या मुलखात आपण पाहुणे म्हणून जातो त्या यजमानाचे स्थान काय, हा मूळ प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते पर्यटनाची खरी कसोटी तीच आहे. किती पाहुण्यांनी यावे, केव्हा यावे, कोणत्या वाटेने जावे, आणि अमुक दिवसांत मुळीच येऊ नये, हे सांगण्याचा हक्क गावाकडे आहे काय? तो असेल तर तेथील पर्यटन सुधारू शकते. तो नसेल तर अत्यंत सुसंस्कृत प्रवासीदेखील तेथे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरलेला असतो.

ताडोब्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. या जंगलाला ज्याच्यावरून नाव पडले असे मानतात, तो तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला आणि देव होऊन तलावाच्या काठी राहिला, अशी लोककथा आहे. पौषात त्याच्या दर्शनाला आदिवासींची यात्रा भरत असे. सरकारी दप्तरातील इतिहास याहून निराळा चालतो. 1935 साली येथे शिकारीस मनाई झाली. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. 1986 साली अंधारी अभयारण्य जाहीर झाले, आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज त्याचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटर असून त्याभोवती 2010 साली ठरवलेले सुमारे 1,100 चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र आहे. गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे 2007 पासून पुढे क्रमाक्रमाने बाहेर वसवण्यात आली. बफरमध्ये मात्र अनेक गावे आजही नांदती आहेत. तारूच्या स्थानी जाण्यावरही आता निर्बंध आहेत.

वाघाला निर्वेध वनप्रदेश हवा, ही गोष्ट मी निर्विवाद मानतो. प्रौढ वाघिणीला पिल्ले वाढवण्यासाठी जे निवांत रान लागते, ते गुरांच्या आणि माणसांच्या नित्य वावरात मिळत नाही. स्थलांतरित कुटुंबांपैकी अनेकांना रस्ता, शाळा, वीज आणि दवाखाना प्रथमच हाकेच्या अंतरावर मिळाला, हेही खरे. तथापि ज्या भूमीवरून वाघासाठी माणसाचे गावठाण उठवले गेले, त्याच भूमीवर वाघ पाहण्यासाठी दुसऱ्या माणसांच्या गाड्या रोज सकाळ-संध्याकाळ फिरतात, तेव्हा या दुसऱ्या माणसांवर एक असाधारण ऋण चढते. ते प्रवेशशुल्क भरून फिटते, असे मला वाटत नाही.

2012 सालच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्या आदेशाने पर्यटन-व्यवसायात खळबळ उडाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती बंदी उठली. गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी वापरावा, असा दंडक त्या तत्त्वांनी घातला. व्यवस्थेने मर्यादा घातली हे चांगलेच झाले; पण या साऱ्या वादात सरकार, व्यावसायिक आणि न्यायालय यांच्याच कैफियती ऐकू आल्या. बफरमधील ग्रामसभा त्या मसलतीत जवळजवळ कोठे दिसली नाही.

मर्यादा कागदावर असून भागत नाही, याचा दाखला शेजारच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याने दिला. 31 डिसेंबर 2024 रोजी गोठणगाव परिसरात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन त्या प्रकाराची दखल घेतली. चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण हे चालक आणि गाइड कोण असतात? ते याच परिसरातील गावांतले तरुण असतात. ज्यांच्या आजोबांना जंगलातून सरपण, बांबू, गवत नेण्याचे निस्तार-हक्क होते, आणि ज्यांना आज त्याच जंगलात शिरायला सफारीचा परवाना हा एकच सन्मान्य मार्ग उरला आहे, असे हे तरुण. गाडीत बसलेल्या सहा जणांची नाराजी त्यांच्या उत्पन्नावर बेतते. आपण वाघ दिसण्याचे पैसे भरले आहेत अशी ज्यांची धारणा असते, ते तोंडाने काही बोलले नाहीत तरी त्यांची अस्वस्थता चालकाच्या पाठीला कळते. त्याने गाडी पुढे रेटली तर गुन्हेगार तो ठरतो. ती रेटण्याची इच्छा ज्यांची होती ते घरी जाऊन छायाचित्रे पाहत बसतात. येथे जबाबदारीचे ओझे सर्वांत दुर्बळ खांद्यावर पडले आहे, आणि याबद्दल मला मनस्वी चीड येते.

पर्यटनाचा पैसा गावात मुळीच पोचत नाही, असे कोणी म्हणेल तर तेही अन्यायाचे होईल. प्रवेशशुल्काचा निधी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाच्या मार्फत खर्च होतो. गावोगाव परिस्थितीकीय विकास समित्या आहेत. 2015 साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस, सौरकुंपण अशा वस्तू पुष्कळ घरांत पोचल्या आहेत. जिप्सी चालवणाऱ्या आणि गाइड म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रियाही ताडोब्यात आज दिसतात, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु मिळालेली वस्तू आणि चालवता येणारा हक्क यांत अंतर आहे. गॅसची शेगडी देणारा ती केव्हा द्यावी हे स्वतः ठरवतो. उलट मोहफुलांच्या पंधरा दिवसांत बफरमधील पहाटेची फेरी बंद ठेवा, किंवा वनरक्षकांचे बळ त्या दिवसांत पर्यटकांच्या दारावरून काढून आमच्या वाटांवर लावा, असे गावाने ठरवावे आणि ते मानले जावे, याला हक्क म्हणतात.

असा हक्क केवळ कल्पनेत असतो काय? रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीलगत वेळास नावाचे लहानसे गाव आहे; नाना फडणविसांचे गाव म्हणून ते इतिहासाला ठाऊक होते. त्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालण्यास येतात. एकेक मादी रात्रीच्या भरतीला वर चढून वाळूत खळगा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून तो बुजवते आणि परत समुद्रात जाते. पूर्वी ती अंडी माणसे काढून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, 2002 च्या सुमारास येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. गावातलीच माणसे पहाटे किनारा धुंडाळू लागली, घरटी सापडताच अंडी कुंपणात हलवू लागली. आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर आली, की सकाळी व संध्याकाळी ती वाळूवर सोडून आपल्या पायांनी समुद्रात जाऊ देण्याचा शिरस्ता पडला. ते पाहायला माणसे येऊ लागली, आणि त्यांच्या मुक्कामाची सोय गावातल्या घरांनीच केली.

येथे घटनाक्रमाकडे लक्ष द्यावे. वेळासला आधी रक्षण आले आणि मागून पाहुणे आले. पाहुणे आले ते ग्रामस्थांच्या ओटीवर, त्यांच्याच स्वयंपाकघरातील भात-आमटी जेवायला. कासवाची अंडी ज्या घरांनी एके काळी खाल्ली असतील, त्याच घरांना आता त्या अंड्यांच्या सुखरूपतेत आपले हित दिसू लागले. पिल्लांभोवती दोरी बांधलेली असते आणि तिच्या अलीकडे उभे राहा म्हणून सांगणारा गावकरी असतो. त्याचा शब्द चालतो, कारण रात्री पाहुण्याला जेवू घालणारे घर त्याच्याच गावाचे असते. जिप्सीच्या चालकाला जे बळ नाही ते त्याला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनारपट्टीवर आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा पाहुण्यांचे उत्पन्न हा अशा गावांचा एकमेव आधार असता तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच, कारण टाळेबंदीमुळे पाहुणेही त्या वर्षी नव्हते. म्हणून पर्यटन हे शेती-बागायतीच्या जोडीला असावे, तिच्या जागी येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत सायकलीवरून येणारे प्रवासी वाढले आहेत. रेवदंडा, मुरूड करीत ते आगरदांड्याला येतात, तरीतून दिघीस उतरतात, श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडतात, आणि पुढे दाभोळ, जयगड अशा खाड्या याच रीतीने पार करीत गोव्याकडे जातात. सायकलीचा गौरव ती धूर सोडत नाही म्हणून केला जातो. मला तिचे महत्त्व दुसऱ्याच कारणाने वाटते. सायकलीवरचा प्रवासी गरजू असतो. कोकणातल्या लाल मातीच्या चढावर त्याचा दम सुटतो, पाणी संपते, चाकातली हवा जाते, दिवस मावळतो आणि पुढचे गाव दूर असते. त्याला कोणाच्या तरी अंगणात थांबावेच लागते, विहिरीचे पाणी मागावे लागते, रात्रीच्या मुक्कामाची तजवीज विचारावी लागते. मागणाऱ्याच्या आवाजात आपोआप येणारे मार्दव वातानुकूलित गाडीतून उतरणाऱ्याच्या आवाजात सहसा नसते, आणि ज्याच्याकडे मागितले जाते त्या गृहस्थाला नाही म्हणण्याचीही मुभा असते. यजमान आणि पाहुणा यांचे नाते या ठिकाणी पुन्हा आपल्या जुन्या प्रमाणावर येते.

तथापि सायकल हे वाहन म्हणून निर्दोष आहे, एवढ्यावर विसंबू नये. पुढे पंचवीस सायकली, मागे सामानाची मोटार, तीत शहरातून आणलेले पाण्याचे खोके आणि न्याहारीची पाकिटे, आणि मुक्काम एखाद्या कुंपणबंद रिसॉर्टात, अशा सहली आता निघतात. गावातून अशी सहल गेली काय आणि वारा गेला काय, गावाला सारखेच. प्रवाशाची गरज मोटारीने भागवली की सायकलीचा सारा संस्कार नाहीसा होतो. शिवाय जेथे वाघ आहे तेथे सायकल हा हौसेचा विषय होऊ नये. ताडोब्याच्या बफरमधला शेतमजूर सायकलीवरून जंगलातल्या रस्त्याने संध्याकाळी घरी परततो तो निरुपायाने. त्याच रस्त्यावर साहसाची मौज म्हणून सायकल फिरवणे मला त्याच्या भीतीचा अवमान करणारे वाटते.

ताडोब्याचे वेळास होणार नाही, हे मी जाणतो. कासवाचे पिल्लू माणसाला मारत नाही. एका चिमुकल्या किनाऱ्याची व्यवस्था शेकडो चौरस किलोमीटरांच्या अरण्याला लागू करता येत नाही. परंतु तत्त्व लागू करता येते. बफरमधील प्रवेशद्वारांवर दिवसाला किती गाड्या सोडाव्यात, मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत कोणत्या फेऱ्या बंद राहाव्यात, हे ठरवताना ग्रामसभेचा ठराव बंधनकारक मानावा. वनहक्क कायदा 2006 सालचा आहे. ग्रामसभेला त्याने जंगलाच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे, तेव्हा ही मागणी कायद्याला परकी नाही. गाइडला ठरलेले वेतन मिळावे आणि वाघ दिसण्या-न दिसण्यावर त्याच्या हातात एक रुपयाही कमी-जास्त पडू नये. दंड करायचा तर तो गाडीतल्या प्रवाशांनाही व्हावा.

सरकार-दरबारी हे होईल तेव्हा होईल. वाचकाच्या हातात मात्र एक गोष्ट आजच आहे. या हिवाळ्यात वा उन्हाळ्यात आपण मोहर्लीला जाल तर मुक्काम गावातल्या घरी करा, आणि निघण्यापूर्वी त्या घरच्या बाईला विचारा, की सध्या मोह वेचायला जाता काय आणि आमच्या येण्याने तुमची अडचण होते काय. तिने होते म्हटले तर पुढच्या वेळी दुसऱ्या महिन्यात या. वेळासला जाल तर एखाद्या सकाळी कुंपणात एकही पिल्लू बाहेर आलेले नसेल. त्या दिवशीही यजमानाचे ठरलेले पैसे पुरते द्या, आणि घासाघीस करू नका.