उसनं विष

पाण्याचा पेला समोर ठेवा आणि नुसतं बघत बसा. श्वास आपसूक संथ होऊ द्या.

आता मनाने सुंदरबनात चला. गंगेचं गोडं पाणी जिथे समुद्राच्या पाण्यात मिसळतं, त्या मचूळ पाण्यात स्वल्पविरामासारखा वाकडा एक जंतू राहतो: व्हिब्रिओ कॉलरी. झिंग्याच्या कुळातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांच्या कवचाला तो चिकटून असतो. पाण्यातल्या त्याच्या बहुतेक भाऊबंदांकडे पटकीचं विष नसतंच. इथे थोडं थांबा. ज्याच्यापायी गावंच्या गावं ओस पडली, त्याचं मूळ घर हे एवढं शांत आहे.

मग विष आलं कुठून? 1996 साली मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलानोस यांनी दाखवलं की विषाची जनुकं एका विषाणूने आणलेली आहेत. हा विषाणू जंतूंनाच लागतो. या जंतूला तो मारत नाही. त्याच्या गुणसूत्रात बिऱ्हाड करतो, आणि विष पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जात राहतं.

विषाणू आत शिरतो तो जंतूच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंना धरून. आतड्यात टिकून राहायला जंतूला हेच तंतू लागतात. उंदरांच्या आतड्यात विषाणूची ही देवघेव प्रयोगशाळेतल्या भांड्यांपेक्षा अधिक सहज झाली. मी दर वेळी इथे थबकतो. तुम्हीही पोटावर तळहात ठेवा, त्याची ऊब जाणवू द्या. अशाच उबेत साधा जंतू जीवघेणा होऊ शकतो.

हे विष आतड्याच्या पेशी मारत नाही, त्यांना पाणी ओतायला लावतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि काही तासांत माणूस सुकून जातो. पण मीठ आणि साखर जोडीने आत घेण्याची पेशींची वाट या विषाला बंद करता येत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रोग्यांसाठीचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच वाटेवर भरवसा ठेवून मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. हजारो माणसं वाचली.

आता पेला उचला, सावकाश प्या. आणि घरात कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. दवाखान्यात पोचेपर्यंत घोट घोट पाजत राहा.