दुसरे ताट



आज सामान्यकाळातील सोळावा रविवार. आजच्या पहिल्या वाचनात जेवण आहे आणि शुभवर्तमानातही जेवण आहे. ते सणाचे नाही, वाटेवरच्या पाहुण्यांसाठी केलेले आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम ऐन उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला आहे. मान वर करतो तर तीन अनोळखी माणसे समोर उभी. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू प्रवासात एका गावी थांबतो आणि मार्था नावाची बाई त्याला आपल्या घरी घेते.

अब्राहामाचा स्वभाव आपल्या खानदेशी माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. तो पाहुण्यांना सांगतो की थोडी भाकर आणतो, खाऊन पुढे जा. प्रत्यक्षात मात्र तीन मापे सपिठाच्या भाकरी भाजल्या जातात, कोवळे वासरू कापले जाते, दही-दूध येते. आपल्याकडेही ‘भाजी-भाकर खाऊन जा’ म्हणणाऱ्या घरात बसले की तासाभराने ताटात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी येते, वर तुपाची धार. पाहुणा पुरे पुरे म्हणतो आणि वाढणारा ऐकत नाही.

पण या वाचनातली एक गोष्ट आपल्या कानांवरून सहसा निसटते. जेवण झाल्यावर पाहुणे पहिली चौकशी करतात ती सारेची. ती कुठे आहे? अब्राहाम सांगतो, तंबूत आहे. पीठ मळायला तिलाच सांगितले होते, भाकरी तिनेच भाजल्या, आणि आता पुरुषांचे बोलणे चालू असताना ती तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकते आहे. पाहुणे जे वचन द्यायला आले आहेत ते तिच्या पोटी होणाऱ्या पुत्राचे आहे. म्हणजे देव ज्या कामासाठी या घरी आला, ते काम जिच्याशी आहे तीच पंगतीत नाही.

ताट मांडून वाट पाहण्याची एक गोष्ट आपल्या चाळीसगावची स्वतःची आहे. कलामहर्षी केकी मूस यांचे स्टेशनजवळचे घर, जे आता संग्रहालय आहे, आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. मूस पारशी, जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते आपल्या गावी आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी जवळजवळ त्या एका घरातच काढले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून मोठे दृश्य उभे करायचे आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, या कलेत त्यांचे नाव दूरवर गेले. गावात सांगतात ती हकिकत अशी की मुंबईत त्यांची एक मैत्रीण होती. मी एक दिवस पंजाब मेलने येईन आणि आपण एकत्र जेवू, असे वचन तिने दिले होते. त्यानंतर रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला घराची दारे-खिडक्या उघडली जात, दिवे लागत, टेबलावर दोघांचे जेवण मांडले जाई. गाडी निघून गेली की दारे बंद होत आणि मूस एकटेच जेवत. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते वारले, तोवर हा नेम चुकला नाही म्हणतात. पंजाब मेलही १९१२ सालचीच. १ जून १९१२ ला ती पहिल्यांदा धावली आणि आजही आपल्या गावावरून जाते.

लोक या गोष्टीला प्रेमकथा म्हणतात. म्हणोत. आमच्या मनात मात्र ते दुसरे ताट राहते. जी आली नाही तिच्यासाठी एक माणूस वर्षानुवर्षे ताट मांडतो. आणि आपल्या घरांत जी माणसे आहेत, चार पावलांवर आहेत, त्यांचे ताट मांडले जाते का?

आम्ही हे उगाच विचारत नाही. घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आम्हाला या धर्मग्रामातल्या जवळजवळ प्रत्येक घरी जेवायला मिळाले आहे. धर्मगुरूला स्वतःची चूल नसते, त्यामुळे गावातल्या सगळ्या चुली त्याच्या होतात. हे आमच्या पेशाचे मोठे सुख. एका मळ्यातल्या झोपडीत आम्हाला कळण्याची भाकरी, ठेचा आणि तेल मिळाले, आणि तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून न मागता भाजीची वाटी आली. मूळ गोव्याच्या एका कुटुंबात आमच्या पुढ्यात सान्ना आले आणि सोबत, कोणाला स्वप्नातही सुचणार नाही अशी, आपली झणझणीत शेवभाजी. सान्ना त्या तर्रीत बुडवून खाल्ले आणि सांगायला हरकत नाही, दोनदा मागून घेतले. घरातली आजी म्हणाली, “फादर, गोव्यात हे कोणाला सांगू नका.” आम्ही इथे सांगून टाकले. (शेवभाजीतली मिरची तरी मूळची आपली कुठे आहे? ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. आपले कोणते आणि परके कोणते, हे ताटाकडे पाहून ठरवणे कठीण आहे.)

पण या सगळ्या घरांत एक दृश्य बहुधा सारखेच असते. सतरंजी अंथरली जाते, आम्ही बसतो, घरधनी बसतो, मुलगे बसतात. आम्ही विचारतो, “ताई, तुमचे ताट?” उत्तर ठरलेले असते: “तुम्ही बसा फादर, मी मागून बसते.” हे ‘मागून’ म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. गरम भाकरी पुढे गेलेली असते, भाजीतल्या फोडी संपलेल्या असतात, तळाचा रस्सा आणि सकाळची शिळी भाकर उरलेली असते. त्या घरात भांडण नसते, छळ नसतो. सारे प्रेमळ लोक. तरी रोज रात्री एक ताट मागे राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. त्याला कारणे अनेक आहेत, पण ‘मी मागून बसते’ हे त्यांत नाही असे कोणी म्हणू नये.

तीच गत म्हाताऱ्यांची. आजोबांचे ताट आतल्या खोलीत खाटेवर जाते, कारण त्यांचा हात थरथरतो आणि सांडते. मुलगा पंगतीत असतो, पण त्याचे डोळे मोबाईलमध्ये. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाने दाखवून दिले आहे की माणूस त्याच खोलीत, अगदी शेजारी बसलेला असूनही आपल्यासाठी तिथे नसू शकतो. मार्सेलच्या काळी मोबाईल नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या नजरेचे नवल वाटते.

आता मार्थेकडे येऊ. दर तीन वर्षांनी हे शुभवर्तमान वाचले जाते आणि मिस्सानंतर कोणी ना कोणी भगिनी हसत विचारते, “फादर, सगळ्याच मरिया होऊन बसल्या तर पोळ्या कोण लाटणार?” प्रश्न रास्त आहे. प्रभूने स्वयंपाकाला कमी लेखले असे समजण्याचे कारण नाही. पुनरुत्थानानंतर त्याने स्वतः तिबिर्याच्या समुद्रकाठी कोळसे पेटवून शिष्यांसाठी मासे भाजले (योहान २१). रात्रभर जाळी ओढून थकलेल्या माणसांना पहाटे तयार न्याहारी मिळाली, तीही कोणाच्या हातची! मार्थेला तो थांबवतो ते तिच्या दगदगीसाठी. तो तिला दोनदा नावाने हाक मारतो, आणि अशी दुहेरी हाक आपण जवळच्या माणसालाच मारतो. मरिया बसली आहे ती त्याच्या पायांशी, म्हणजे गुरूपुढे शिष्य बसतो त्या जागी. त्या काळी ही जागा बायकांची मानली जात नव्हती. ती तिच्याकडून काढून घेतली जाणार नाही असे प्रभू स्पष्ट सांगतो. आमच्या मते त्या सांगण्यात मार्थेलाही आमंत्रण आहे. आणि तिने ते ऐकले असावे, कारण योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजरसच्या मृत्यूनंतर येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी कबुली देणारी बाई मार्थाच आहे. पुढच्याच अध्यायात ती पुन्हा वाढताना दिसते. वाढणे सुटले नाही, पण आता ती आतल्या खोलीतली बाई राहिली नाही.

मार्थेची तक्रार मात्र खरी होती. ती एकटी राबत होती. घरात दुसरे हात नव्हते का? हिवाळ्यात शेतात भरीत होते तेव्हा आम्ही पाहतो ना! कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, साले काढायची, बडगीत घोटायची, हे सारे पुरुषमंडळी किती हौसेने करतात. (आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमानही याच मंडळींना जास्त.) हे हात घराचा उंबरा ओलांडला की सगळी विद्या विसरतात, याचे स्पष्टीकरण आम्हाला कोणत्याही तत्त्वज्ञानात सापडलेले नाही.

आणखी एक जेवण सांगतो. मनमाडहून येताना आम्ही साध्या डब्यात होतो. समोर ऊसतोडीवरून परतणारे एक कुटुंब होते. संध्याकाळ झाली, म्हातारीने फडके सोडले. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदा. तिने अर्धी भाकर मोडून आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “या, जेवाले.” आमच्या डब्यातली पोळी आणि अंड्याची भुर्जी मग त्यांच्या पोरांकडे गेली. नाव, गाव, कोण, कुठले, हे सगळे हात धुतल्यावर. अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना एक जुनी म्हण सांगितली आहे की माणसांनी एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय त्यांची ओळख होत नाही. त्या म्हातारीने अ‍ॅरिस्टॉटल ऐकलेला नव्हता, पण क्रम तिला बरोबर ठाऊक होता. आधी मीठ, मग ओळख.

आपण हा क्रम उलटा करतो. आपल्या लग्नांत, नामकरणांत, आधी आडनाव विचारले जाते आणि मग कोणत्या पंगतीत बसवायचे ते ठरते. स्नानसंस्कार होऊन तीन-तीन पिढ्या झाल्या तरी काही घरांत काही घरांचे पाणी चालत नाही, हे आपण सारे जाणतो आणि बोलत नाही. ख्रिस्तसभेतले पहिल्या पिढीतले एक मोठे भांडण याच प्रश्नावर झाले होते. पेत्राला यापो येथे घराच्या छपरावर, भुकेच्या वेळी, स्वर्गातून दर्शन मिळाले होते की देवाने शुद्ध केलेले तू अशुद्ध मानू नकोस. तोच पेत्र अंत्युखियात यहूदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमहून काही माणसे आली तसा हळूच त्या पंगतीतून उठला. कोणाला शिवी दिली नाही, फक्त वेगळा बसला. संत पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले (गलती २). दर्शन मिळालेला माणूसही जेवणाच्या वेळी लोकांच्या भीतीने कच खातो.

प्रभूच्या शेवटच्या भोजनाची सर्वांत जुनी लिखित हकिकत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचे. ती हकिकत तिथे का आली ते अकराव्या अध्यायात वाचून पाहा. करिंथच्या मंडळीत एकत्र जमल्यावर काही जण आपापले आणून खाऊन-पिऊन तृप्त होत आणि मोलमजुरीवरून उशिरा येणारे उपाशी राहत. पौल त्यांना रागावतो आणि रागावता रागावता सांगतो की ज्या रात्री प्रभू धरला गेला त्या रात्री त्याने भाकर घेतली. वेदीवर आम्ही रोज जे शब्द उच्चारतो त्यांची ही जुनी नोंद एका बिघडलेल्या जेवणावळीमुळे आपल्यापर्यंत पोहोचली आहे. ख्रिस्तप्रसाद घ्यायला आपण एका रांगेत उभे राहतो. रांग तिथे एकच असते.

पुढच्या रविवारी आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार त्यासाठी ठरवून दिला. त्या दिवशी मिस्सानंतर आवारात सर्वांचे एकत्र जेवण ठेवले आहे: वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि ठेचा. पहिली पंगत वृद्धांची आणि भगिनींची राहील. स्वयंपाक आणि वाढप पुरुष व युवक करतील. भगिनींनी त्या दिवशी भांड्यांना हात लावू नये आणि बट्ट्या कच्च्या राहिल्या तरी उठून जाऊ नये, ही विशेष विनंती. बसताना आपापल्या ओळखीच्यांचा घोळका करू नये, जागा सापडेल तसे बसावे. ज्यांची आई किंवा वडील खाटेवर आहेत त्यांनी रिक्षाने आणावे, सोबत युवक येतील. खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या नर्स आणि विद्यार्थी यांना आपापल्या वाड्या-वस्तीतल्या कुटुंबांनी बरोबर आणावे, ते आपल्या धर्माचे नसले तरी.

ताटांची संख्या सांगताना प्रत्येक कुटुंबाने घरातल्या माणसांपेक्षा एक जास्त धरावे. नावे बुधवारपर्यंत द्यावीत, कारण बट्टीचे पीठ जाडसर दळून आणायचे आहे आणि शनिवारी गिरणीवर गर्दी असते.