त्याला रबराचा तुकडा म्हणू नकोस

"सर, डस्ट बूट थोडासा गेला आहे, पण ब्रेक लागतो." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. ब्रेक लागतो हा कालचा अनुभव आहे. उद्या लागेल की नाही, हे त्या बुटाकडे पाहून ओळखायचं असतं. माझ्या वर्कशॉपमध्ये तुला तेच शिकवलं होतं आणि तू नेमकं तेच विसरलास.

आधी तू काय घेऊन आलास ते नीट बघ. पुढच्या डाव्या कॅलिपरचा बूट फाटलेला नाही, जळलेला आहे. नखाने दाबला की तडकतो आणि बोटाला काळी भुकटी लागते. उजव्याचा वरवर शाबूत दिसतो, पण पिस्टन बाहेर काढून घड्या ताणल्या तर आत बारीक भेगा आहेत. म्हणजे तोही त्याच वाटेवर आहे. मागच्या चाकाचा बूट मात्र उष्णतेनं गेलेला नाही. त्याला एका बाजूला सरळ चीर आहे. ती स्क्रू-ड्रायव्हरची आहे आणि तो कोणाच्या हातात होता ते तुला ठाऊक आहे. तीन चाकांवर तीन खुणा, आणि तू सगळ्यांना मिळून "थोडासा गेला" म्हणतोस! पोट्टे शिकून जातात, निदान करायला मात्र शिकत नाहीत, याचा मला खरा राग आहे.

पिस्टनभोवती दोन रबर असतात. आतलं चौकोनी छेदाचं सील ब्रेक ऑइल अडवतं. पेडल दाबलं की पिस्टनबरोबर ते किंचित वाकतं, पेडल सोडलं की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. पॅड डिस्कला घासत राहत नाही ते त्या केसभर मागे येण्यामुळे. बाहेरचं घड्यांचं रबर म्हणजे डस्ट बूट. तो ऑइल अडवत नाही, दाब सोसत नाही. म्हणूनच तो गेला तरी पेडलला काही जाणवत नाही आणि तुझ्यासारख्याला वाटतं, चाललं आहे ना! त्याचं काम एकच. पिस्टनचा जो भाग उद्या सीलमधून आत जाणार आहे, तो आज स्वच्छ ठेवायचा. बूट गेला की त्या चकचकीत भागावर धूळ, पॅडची भुकटी आणि पावसाचं पाणी बसतं. मुलामा खरवडला जातो, गंजाचे टिपके येतात. मग तू नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबतोस आणि ती सगळी घाण सीलवरून घासत आत नेतोस. सील खरवडलं की पिस्टन मागे यायला कुरकुरतो. पॅड चिकटून राहतो, डिस्क तापते, आणि त्या तापानं उरलेलं रबरही जातं. हे चक्र कुठून सुरू झालं ते शोधायला गेलं तर दर वेळी त्या फाटक्या बुटाशी येऊन थांबतं.

आता ट्रॅकचं बोलू. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी चालवून आलास, चांगली गोष्ट आहे. मी कधी अडवलं नाही, उलट हौस असलेला पोरगा मला आवडतो. करी म्हणजे एस. करिवर्धन. कोइम्बतूरच्या कापड उद्योगातल्या घरातला माणूस, ज्यानं मारुतीचे भाग घेऊन परवडणाऱ्या फॉर्म्युला गाड्या बांधल्या आणि इथल्या पोरांना रेसिंगचं दार उघडून दिलं. तुझंही घर कापडाचं. नागपूरच्या गांधीबागेत तुझ्या वडिलांची गादी आहे. त्या माणसाच्या नावाच्या ट्रॅकवर जाताना निदान त्याच्यासारखे स्वतःचे हात काळे करून जायचं होतंस. तू पॅड किती उरले आहेत हेसुद्धा न पाहता गेलास.

मी फळ्यावर मांडायचो तो हिशेब पुन्हा मांड. गाडी एक हजार किलोची धर. सरळ पट्ट्यावर १४० चा वेग, वळणाला ६०. या एका ब्रेकमध्ये सुमारे सहा लाख जूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन चाकांवर आली तर एका डिस्कच्या वाट्याला दोन लाखांहून जास्त. डिस्क पाच किलोची असेल, तर तिचं तापमान एका दाबात ९० अंशांच्या आसपास चढतं. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. पुढचं वळण येईपर्यंत तिला निवायला सवड कुठे मिळते? पाचशे अंश गाठायला फार फेऱ्या लागत नाहीत. आणि तुझ्या बुटाचं रबर ईपीडीएमचं आहे. दीडशे अंशांच्या आसपास ते फार काळ तग धरत नाही, सिलिकॉनचं असतं तर दोनशेच्या थोडं पुढे गेलं असतं.

पाचशे अंशांची डिस्क आणि दीडशेचं रबर, यांच्या मधे उभं काय असतं? पॅड! पॅडचा मसाला हीच मधली भिंत. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तू गेलास तेव्हा तुझा आतला पॅड तीन मिलिमीटरवर आला होता. भिंत पातळ झाली की उष्णता पॅडच्या मागच्या पत्र्यातून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून थेट ऑइलमध्ये उतरते. त्यात भर म्हणजे पॅड जितका झिजतो तितका पिस्टन बाहेर येतो, बुटाच्या घड्या ताणल्या जातात आणि तो डिस्कच्या अधिक जवळ जातो. पातळ पॅड बुटाला दोन्हीकडून मारतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पॅड अजून काही दिवस चालतो, ट्रॅकवर अर्ध्याखाली गेलेला पॅड लावून उतरायचंच नाही. तू म्हणशील, अलॉयमधून डोकावून पाहिलं तेव्हा पॅड भरपूर दिसला. तो बाहेरचा पॅड होता. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि बूटही तिथेच. चाक काढल्याशिवाय त्यातलं काही दिसत नाही. जाण्यापूर्वी जॅक लावून दोन चाकं काढायला तुला वेळ नव्हता, स्टिकर चिकटवायला होता.

ऑइल कधी बदललं, या प्रश्नावर तू गप्प बसलास. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ओल धरलेलं असेल तर तीच मर्यादा १५५ वर येते. ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा ते लवकर भिजवतो. जी उष्णता बूट जाळते तीच ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते आणि पेडल फरशीला टेकतं. तुझा बूट जळला याचा अर्थ तू त्या अवस्थेच्या किती जवळ होतास, ते एकदा स्वतःशी बोल.

आणि शेवटची फेरी! झेंडा दिसला की तू तसाच जोरात आत आलास, गाडी उभी केलीस आणि हँडब्रेक ओढून पाणी प्यायला गेलास. धावत्या गाडीला निदान वारा लागतो. उभ्या गाडीच्या डिस्कमधली सगळी आग कॅलिपरमध्ये शिरते. पुष्कळदा बूट धावताना जळत नाहीत, थांबल्यावर जळतात. शेवटची पूर्ण फेरी ब्रेकला पाय न लावता, वरच्या गिअरमध्ये, सावकाश काढायची. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावायची. चिखलदऱ्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. त्यांच्या कॅलिपरची गत वेगळी नसते.

तुझा सगळ्यात मोठा युक्तिवाद हा, की रेसच्या कॅलिपरला बूट नसतातच. बरोबर आहे, पुष्कळांना नसतात, कारण तिथल्या उष्णतेत ते टिकणारच नाहीत. पण ती गाडी ट्रेलरवर येते आणि ट्रेलरवर जाते. तिचे पिस्टन सतत साफ होतात, सील ठरलेल्या वेळी बदलले जातात, आणि त्यासाठी माणसं नेमलेली असतात. तू त्यांच्याकडून रबर नसलं तरी चालतं एवढंच उचललंस, मेहनत तिथेच ठेवून आलास. तुझी गाडी राष्ट्रीय महामार्ग ४४ नं, सेलमकडून वर येत, चौदाशे किलोमीटरच्या आसपास धूळ खात घरी आली. दुसऱ्या दिवशी ती गांधीबागेत उभी होती. तिथली हवा तुला माहीत आहे. गाठी फुटतात, थान उलगडतात, कापसाचा तूस उडतो, हातगाड्या धूळ उडवत जातात, आणि हे सगळं तुझ्या उघड्या पिस्टनवर जाऊन बसतं. त्याच गल्लीत हमाल पाठीवर गठ्ठा घेऊन मान खाली घालून चालतो. गाडी येते आहे हे त्याला दिसत नाही. तुझा ब्रेक चिकटला किंवा एका बाजूला ओढला तर ट्रॅकवर तू वाळूत जाशील, इथे तू त्या माणसाच्या अंगावर जाशील. हौस तुझी आणि जीव त्याचा, हा सौदा मला मान्य नाही. तुझ्या वडिलांनाही मान्य होणार नाही.

मागच्या बुटाचं राहिलं. पिस्टन मागे दाबायला स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा नाही, हे पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. मागचा पिस्टन फिरवून आत न्यावा लागतो, त्याचं अवजार मिळतं. फिरवताना बूट पिस्टनला चिकटलेला असेल तर तोही पिळला जातो, म्हणून आधी कड सोडवून घ्यायची. पिस्टन आत नेण्याआधी त्याचा उघडा भाग पुसायचा, पेट्रोलनं किंवा रॉकेलनं नाही, त्यानं हे रबर फुगतं. ब्लीड निपल उघडून जुनं ऑइल बाहेर जाऊ द्यायचं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना चेसिसचं ग्रीस फासलं आहेस तेही पूर्ण काढ आणि सिलिकॉन ग्रीस लाव. पिनांचे छोटे बूटही त्या ग्रीसनं फुगले आहेत. आणि वॉशिंगवाल्याला सांग, गरम चाकावर प्रेशरचं पाणी मारायचं नाही, थंड चाकावरही नळीचं तोंड बुटावर धरायचं नाही.

पुढच्या ट्रॅकच्या आधी पॅड नवे असतील, ऑइल ताजं असेल आणि पिस्टन व पॅड यांच्या मधे स्टेनलेसचा किंवा टायटॅनियमचा उष्णता अडवणारा पत्रा असेल. प्रत्येक वेळी परत आल्यावर चाकं काढून चारही बूट बोटानं चाचपायचे. कडक लागला तर तो गेला असं समजायचं, फाटायची वाट पाहायची नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यानं कॅलिपरचं किट घरात ठेवायचं असतं, पानवाल्याकडे सुटे पैसे असावेत इतक्या सहज.

आता ऐक. गाडी आहे तिथेच उभी राहील. चारही कॅलिपरची किट घे, जेवढे पिस्टन टिपके पडलेले निघतील तेवढे नवे घे, ऑइलची सीलबंद बाटली आण आणि माझ्याकडे ये. काम तू करशील, मी बाजूला उभा राहीन. एकाही पिस्टनवर धूळ राहिली तर पुन्हा उघडायला लावीन. ते होईपर्यंत गाडीची चावी वडिलांच्या गादीवर ठेवून ये.