मिळून ठरवलेला भाव

मापात मारणं पाप, भेसळ पाप, चोरी तर पापच. पण चार विकणाऱ्यांनी एकत्र बसून "याच्या खाली कुणी द्यायचं नाही" असं ठरवलं, तर ते कुठल्या खात्यात मांडायचं? पोतं पन्नास किलोचं असतं, माल चोख असतो, पावती मिळते, घेणारा आपल्या हातानं पैसे मोजतो. तरी घरी येताना आपण नाडले गेलो असं त्याला वाटत राहतं. हे वाटणं खरं आहे की नुसती खिशाची चडफड आहे, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, गळ्यात माळ आहे, आणि इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्यावर थोडा ऊस आहे. या प्रश्नाकडे मी या तिन्ही अंगांनी बघतो.

पुतण्याच्या घराचा स्लॅब टाकायचा होता, तेव्हा सिमेंटसाठी त्याच्याबरोबर आधी इंदापुरात आणि मग बारामतीत दुकानं फिरलो. चार दुकानं, चार कंपन्यांची पोती, भाव एकच, आणि वाढलेलेही एकाच आठवड्यात. एक दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "गुरुजी, बारामतीला जा नाहीतर अकलूजला जा, यात फरक पडायचा नाही. रेट वरूनच आलाय." तो खोटं बोलत नव्हता. पोत्यामागे त्याला जे सुटतं ते फार नाही, हे मला माहीत आहे.

सारखा भाव दिसला की संगनमत, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. कोळसा, डिझेल महागलं की सगळ्यांचाच खर्च वाढतो. एकानं वाढवलं की दुसरा त्याच्याकडे बघून वाढवतो. बघून वाढवणं हा गुन्हा नाही, ठरवून वाढवणं हा गुन्हा. 2002 चा स्पर्धा कायदा नेमकी इथेच रेघ ओढतो. या कायद्याखालच्या स्पर्धा आयोगानं 2012 च्या जूनमध्ये 11 सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून 6,300 कोटी रुपयांच्या आसपास दंड लावला. संघटनेच्या बैठकांमधून किमती आणि उत्पादन यांची माहिती एकमेकांना कळत होती, क्षमता असून माल कमी काढला जात होता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो मानला नाही. आदेश एकदा रद्द झाला, 2016 मध्ये पुन्हा निघाला, 2018 मध्ये अपिलात टिकला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

उसाच्या मुलखातल्या माणसाला आणखी जवळचं प्रकरण इथेनॉलचं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी सरकारी तेल कंपन्यांनी 2013 च्या जानेवारीत एकत्रित निविदा काढली. बऱ्याच कारखान्यांनी भरलेले दर सारखे किंवा अगदी जवळजवळ निघाले. 2018 च्या सप्टेंबरात आयोगानं देशातल्या 18 साखर कारखान्यांना आणि दोन संघटनांना मिळून सुमारे 38 कोटींचा दंड केला. 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं. म्हणजे त्या निकालानं दोष कुणावर ठरला नाही, आणि तो ठरवणं माझं कामही नाही. मला कुतूहल याचं आहे, की दहा वर्षं खपून कायदा जे शोधतो ते शेवटी माणसाच्या मनातलंच असतं. निविदेतला आकडा सगळ्यांना दिसतो. तो एकट्यानं काढला की मिळून, एवढंच सिद्ध करायचं असतं. पापाचा विचारही शेवटी तिथेच येतो.

आपल्या जुन्या ग्रंथांना हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या, म्हणजे समाजकंटकांच्या बंदोबस्ताच्या भागात, व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन माल अडवला आणि अवाजवी भावानं विकला किंवा घेतला तर हजार पण, म्हणजे त्या काळची हजार नाणी, असा दंड सांगितला आहे. हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याच्या आधीचं वाक्य जास्त टोचलं. कारागिरांनी एकत्र येऊन कामाचा दर्जा उतरवला, कमाई वाढवून घेतली किंवा खरेदी-विक्रीत अडथळा आणला, तर त्यांनाही तेवढाच, हजार पण. सुताराला आणि सावकारी व्यापाऱ्याला एकच दंड. याज्ञवल्क्य स्मृती मात्र वेगळं बोलते. व्यापाऱ्यांनी मिळून असा भाव बांधला की ज्यानं कारागीर आणि शिल्पी यांना पीडा होईल, तर सगळ्यात वरचा दंड. म्हणजे एका ग्रंथात कारागीर आरोपी आहे आणि दुसऱ्यात त्याच्या पीडेवरूनच अपराध ओळखला जातो. आणि याच स्मृतीत चारजणांनी मिळून धंदा करण्याचं, नफा-तोटा वाटून घेण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात निंदा कुठेच नाही. मिळून करणं शास्त्राला खुपत नाही.

मलाही ते खुपत नाही, कारण मिळून भाव ठरवलेला मी डोळ्यांनी बघतो. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडीमार्गे निमगाव केतकीकडे आणि इंदापूरला जाते. पालखीच्या आधी आमच्याकडचे दुकानदार पारावर बसतात. पाण्याची बाटली छापील किमतीलाच, चहा रोजच्याच भावात, केळी डझनाला इतके, असं सगळ्यांसमक्ष ठरतं आणि खडूनं फळ्यावर लिहिलं जातं. कुणी त्यावर एक रुपया घेतला तर शेजारचाच दुकानदार त्याला टोकतो. काटेकोर बघितलं तर हीसुद्धा विकणाऱ्यांनी बांधलेली किंमतच. पण गुडघ्याला पट्टा बांधून चाललेली परभणीची म्हातारी तो फळा वाचून घेते आणि निर्धास्त होते. वारकरी पंथानं दुकानदारी कधी पाप मानली नाही. तुकोबा स्वतः वाणी होते, घरात महाजनकी होती. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची, आणि भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, अशी परंपरेतली कथा आहे. दुसऱ्याच्या हिश्शाचा निर्णय त्यांनी आपल्या हाती घेतला नाही. ही गोष्ट मला खतं बुडवण्याइतकीच मोठी वाटते.

शेतकऱ्यांचंही तसंच. 2011 च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते राजू शेट्टी पंढरपूरहून पदयात्रा घेऊन बारामतीत आले आणि उसाच्या पहिल्या उचलीसाठी उपोषणाला बसले. हजारो विकणारे, मागणी एक, आकडा एक, आणि तो कारखानदारांच्या तोंडावर, माईकवरून सांगितलेला. अमेरिकेत 1890 मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा झाला, आणि 1922 मध्ये तिथल्याच संसदेनं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकण्याला त्यातून मोकळीक दिली. लाखो सुटे विकणारे आणि मूठभर मोठे घेणारे यांच्यात एकीशिवाय सौदाच होत नाही, हे त्यांना पटलं असावं.

मग चुकतं कुठे? माझं म्हणणं असं आहे. दुकानात उभा असताना मला वाटत असतं की हे पटलं नाही तर "नको" म्हणून मी पलीकडच्या दुकानात जाईन. त्या आशेवरच मी पायरी चढलेलो असतो. विकणाऱ्यांनी गुपचूप एक होऊन माझं ते "नको" आधीच मारून टाकलेलं असतं, आणि मला ते सांगितलेलं नसतं. पैसे जातात ते जातातच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की माझ्या निर्णयाचं नुसतं सोंग उरतं. मोकळ्या मनानं समोर आलेल्या माणसाशी केलेला हा विश्वासघात आहे, म्हणून मी त्याला पाप म्हणतो. पारावरच्या फळ्यात तो नाही. उपोषणाच्या मांडवात तो नाही. बंद खोलीतल्या बैठकीत आहे, मग भाव पाच रुपयांनी वाढवलेला असो की पन्नास.

उघडपणा पुरतो का, अशी शंका कुणी घेईल. पुरत नाही. बलवान माणूस उघडपणेही गळा धरू शकतो. "नको" म्हणायला जागा लागते. आमच्या इंदापूर-बारामती या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे अशी कारखान्यांची रांग आहे, म्हणून आमच्या शेतकऱ्याला थोडी तरी जागा आहे. राज्यात दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. जिथे आसपास एकच धुराडं दिसतं, तिथल्या शेतकऱ्याचं "नको" केंद्रानं ठरवलेली एफआरपीच, म्हणजे उसाचा किमान रास्त दरच, काय ते राखते. 2025-26 साठी ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये ठरली होती.

इथवर मला माझं म्हणणं सरळ वाटत होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांनी त्यात गाठ मारली. आडसाली ऊस सोळा महिन्यांचा होतो, तुरा येतो, वजन घटायला लागतं, आणि तोडीची चिठ्ठी आली तरी टोळी फडात शिरत नाही. एकरी वरचे पैसे ठरवल्याशिवाय कोयता लागत नाही. पुढच्या टोळीला विचारलं तर आकडा तोच, हार्वेस्टरवाल्याला विचारलं तरी तोच. शिवाय ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला प्रत्येक खेपेला एंट्रीचे वेगळे पैसे. तोडणीचा खर्च माझ्या बिलातून आधीच कापलेला असतो, त्यावर हे. माझं "नको" इथेही मेलेलंच असतं, कारण ऊस उभा वाळतो. मग हेही पापच म्हणायचं का? कौटिल्य म्हणेल, हजार पण.

मला ते पटत नाही. बीडच्या, जालन्याच्या त्या नवरा-बायकोनं दसऱ्याच्या आत टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्यांना इथून हलता येत नाही. माझा दर त्यांनी बांधला, पण त्यांचा दर कुणी बांधला? 2024 च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटना पुण्यात समोरासमोर बसल्या आणि तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. तिथे दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती, ते योग्यच झालं. माझ्या बांधावर तशी बैठक कधी होत नाही. ज्याचं स्वतःचं "नको" उचलीच्या कागदात अडकलं आहे, त्यानं माझं "नको" अडवलं, तर दोघांना एकच दंड लावणं न्याय नव्हे. पण मला नाडलं गेलं नाही असंही मी म्हणणार नाही. याज्ञवल्क्याची दृष्टी मला इथे जास्त खरी वाटते. आधी पीडा कुणाची ते बघा, मग मिळून काय केलं ते बघा.

यंदा हंगामाच्या तोंडावर आमच्या वस्तीवर बैठक झाली. सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं, वरचा एक रुपयाही कुणी द्यायचा नाही, असा ठराव एकानं मांडला. माना डोलल्या. मी एवढंच म्हणालो, की ठराव करायचाच तर मुकादमाला बोलवा, टोळीतल्या दोन बायकांनाही बोलवा, आणि त्यांच्यासमोर करा. त्यांचं किती भागतं, उचल किती, आजारपणाचं काय, ते ऐकून आकडा काढू आणि देवळाच्या भिंतीवर लिहू. मग त्यावर एक रुपया त्यांनी मागायचा नाही आणि एक रुपया आपण बुडवायचा नाही. बरेच जण गप्प राहिले. एक जण म्हणाला, "गुरुजी, त्यांना समोर बसवलं तर मग आपला भाव कसा राहील?" त्यावर वाद रात्रीपर्यंत चालला. मुकादम गाळपाच्या आधी गाड्या घेऊन येतो, तेव्हा त्याला बोलवायचं एवढं ठरलं आहे.