मौन आणि आरोग्य

प्रॉस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या पुरुषाची विचारपूस करावी, तर बहुधा एकच उत्तर मिळते : 'सगळे ठीक आहे.' आपले दुखणे आपल्यापाशीच ठेवणे, हा आपल्या समाजात पुरुषाचा गुण समजला जातो. तो खरोखरच गुण आहे काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कर्करोगामुळे संपूर्ण ग्रंथी काढली म्हणजे साधारणतः एक ते दोन आठवडे लघवीची नळी ठेवावी लागते. ती निघाल्यावर लघवीवरचा ताबा लगेच येत नाही; बहुतेकांना तो तीन महिने ते वर्षभराच्या काळात हळूहळू परत मिळतो. कामशक्ती परतण्यास दीड-दोन वर्षेही लागतात आणि ती सर्वांनाच पूर्ववत लाभते असे नाही. १९८२ साली अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी या शक्तीशी निगडित नसा हेतुपुरस्सर राखून शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून आशा वाढली एवढेच.

बरे होणे पुष्कळ अंशी शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून असते. ७२ शल्यविशारदांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी केवळ १० शस्त्रक्रिया केलेल्यांच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा सुमारे १८, तर २५० केलेल्यांच्या रुग्णांत सुमारे ११ आढळले. वय, मधुमेह, धूम्रपान यांचाही वाटा असतोच. परंतु ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेमाने करणे, पीएसएची रक्ततपासणी वेळेवर करणे आणि जे होते ते डॉक्टरांना सांगणे, हे रुग्णाच्याच हाती असते. मौन आड येते ते नेमके येथे.

'दुसऱ्यावर आपले ओझे नको' असे मौनाचे समर्थन केले जाते. या भावनेत सौजन्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. क्षुल्लक कारणासाठी दवाखाना गाठणे म्हणजे दुसऱ्या गरजू रुग्णाचा वेळ घेणे, हेही खरे. मात्र ताप चढला, लघवी अडली, रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या किंवा पोटरी सुजली, तरी गप्प राहणाऱ्याला अखेर मध्यरात्री उचलून न्यावे लागते. तेव्हा खर्च वाढतो आणि घरच्यांची धावपळही. म्हणजे ओझे टळत नाही. ते विलंबाने आणि वाढून दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. शिवाय ओल्या चादरी मुकाट्याने धुणारी आणि पतीच्या अबोल्याला स्वतःचा दोष मानणारी पत्नी ते आधीच वाहत असते. तिला न विचारता लादलेल्या या भाराला त्याग कसे म्हणावे?

तथापि सारा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बाह्यरुग्ण विभागात दहाजणांच्या देखत 'लघवी गळते का?' असे विचारले, तर कोण खरे सांगेल? ज्या गावात अशा व्याधीची थट्टा होते, तेथे मौन हेच शहाणपण ठरते. बोलणे हे रुग्णाचे कर्तव्य असेल, तर त्याला लाज न वाटता बोलता येईल असे वातावरण राखणे हे डॉक्टरांचे, कुटुंबाचे आणि शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे.

बालपणी दुसऱ्याने आपले अंग पुसले, याची लाज आपण बाळगीत नाही. मग उतारवयात तोच आधार मोकळेपणी स्वीकारण्यात पौरुष कमी होते, असे आम्हांस वाटत नाही.